आमच्या घरी पियानो नाही, पेटी आहे

मराठी मालिका, चित्रपट आणि वेबमालिका लिहिणाऱ्या लेखकांस,

सर्वांना सलाम. आमच्याकडे पत्र असंच सुरू होतं, तेव्हा पहिल्याच शब्दाला अडखळू नका.

मी दौंडला राहते. माहेर शिरूरचं, म्हणजे जुन्या माणसांच्या तोंडी घोडनदीचं. कादंबऱ्या लिहिते आणि ख्रिस्ती आहे. एवढं सांगितलं की नवा माणूस हमखास विचारतो, "म्हणजे तुम्ही मूळच्या गोव्याच्या का?" मी सांगते, नाही हो, आमचे पणजोबा न्हावऱ्याच्या बाजूला कोरडवाहू रानात बाजरी पेरायचे. त्याचा चेहरा जरासा पडतो. आज कुणीतरी रंगीत माणूस भेटणार असं त्याला वाटलेलं असतं. मला त्याचा राग येत नाही. तो रंगीत माणूस त्याच्या डोक्यात तुम्ही बसवलाय, म्हणून पत्र तुम्हाला.

तुमचा ख्रिस्ती मी लहानपणापासून ओळखते. आडनाव डिसूझा, फर्नांडिस नाहीतर ब्रॅगँझा. पुरुष असला तर संध्याकाळी हातात पेला, बाई असली तर गुडघ्यापर्यंत झगा. घरात पियानो. मराठी बोलताना लिंगाचा घोळ ठरलेला. मनाने अगदी सोन्यासारखा, पण गोष्टीत त्याचं काम एवढंच की नायकाला एक रात्र आसरा द्यायचा आणि सकाळी कथेतून निघून जायचं. १९७३ च्या 'बॉबी'ने आणि १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'ने हा साचा पक्का केला, आणि मराठीने तो आयता उचलला. दोन्ही चित्रपट मला मनापासून आवडतात, हेही सांगून टाकते. अँथनी त्या भल्यामोठ्या अंड्यातून बाहेर येतो ते गाणं लागलं की मी हातातलं काम बाजूला ठेवते. तक्रार अँथनीबद्दल नाही. तक्रार ही की त्याच्या शेजारी गायकवाड, साळवे, ओहोळ, लोंढे अशा आडनावांचा ख्रिस्ती माणूस उभा करावा असं तुम्हाला सहसा सुचत नाही.

दौंडला डिसूझा नाहीत असं मात्र समजू नका. हे जंक्शनचं गाव. १८७८ साली इथून मनमाडचा फाटा सुरू झाला, आणि रेल्वेच्या नोकरीपायी कुठून कुठून माणसं इथे येऊन स्थायिक झाली. गोव्याकडची आली, अँग्लो-इंडियन आली, तमिळ-तेलुगू बोलणारी आली. त्यांतल्या एखाद्या घरात पियानो असेलही. पण मंडईत कोथिंबिरीच्या जुडीवरून त्यांचं भांडण होतं ते मराठीतच, आणि त्यात लिंगाचा घोळ नसतो.

आमच्या शिरूरच्या मंडळीची, म्हणजे चर्चच्या समुदायाची, वंशावळ निराळी. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरला आपलं मोठं ठाणं केलं, शिरूरलाही काम सुरू केलं. त्या कामातून जे ख्रिस्ती झाले त्यांतले पुष्कळ लोक खेड्यापाड्यांतले, गावकुसाबाहेरचे, दुसऱ्याच्या रानात राबणारे. त्यांनी येशूला धरलं, पण हातातले टाळ सोडले नाहीत. नगरकडे कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग आणि पदं दिली. ती आजही 'उपासना संगीत'मधून आम्ही म्हणतो, देशी चालींवर, पेटी-तबल्याच्या साथीने. रविवारी माझ्या माहेरच्या मंडळीत या. चपला बाहेर, खाली सतरंज्या, बायकांच्या डोक्यावर पदर. पुढे पाळकसाहेब, आणि मागच्या रांगेत घड्याळाकडे बघणारे तरुण. ज्या जाळीच्या खोलीत तुमचा नायक पापांची कबुली देतो ती तुम्हाला इथे सापडणार नाही, ती रोमन कॅथलिकांची रीत. आम्ही प्रॉटेस्टंट, आमच्यात कबुली थेट देवापाशी, आणि गावात ती कुणाला ना कुणाला आधीच ठाऊक असते.

लग्नात नवरीची साडी पांढरी, पण गळ्यात मंगळसूत्र, त्यात वाट्यांच्या जोडीला क्रूस. आदल्या दिवशी हळद लागतेच, पाळकसाहेबांनी कितीही नाक मुरडलं तरी. नाताळात करंज्या, चकल्या, शंकरपाळे घरी होतात आणि केक बेकरीतून येतो. दिवाळीला शेजारून जेवढी ताटं आली तेवढी नाताळात परत जातात, आणि कुणाचं ताट राहिलं याचा हिशोब बायका चोख ठेवतात. यातलं काही तुम्हाला चमत्कारिक वाटतंय? वाटू नये. चमत्कारिक नाही, म्हणूनच ते पडद्यावर येत नाही की काय, अशी मला शंका आहे.

माहेराहून सासरी येण्याचा माझा रस्ता न्हावरा, केडगाव, चौफुला असा. चौफुला तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. संगीतबारीची कलाकेंद्रं तिथे आहेत, ढोलकीचा ठेका ऐकायला लांबून गाड्या येतात. तिथून अगदी जवळ केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. एकाच पट्ट्यात एकीकडे बैठकीची लावणी, दुसरीकडे टाकलेल्या बायकांसाठी एका बाईने उभं केलेलं घर, आणि मध्ये उसाची रानं नि गुऱ्हाळं. पटकथाकाराने याहून जास्त काय मागावं? आमच्या आत्याबाई चौफुला आला की एसटीच्या खिडकीतून मुद्दाम दुसरीकडे तोंड फिरवायच्या. मी मात्र मान वळवून वळवून पाहायची. माझ्या दुसऱ्या कादंबरीतली मिशनमध्ये वाढलेली मुलगी रात्री वाऱ्यावर येणारी ढोलकी ऐकत प्रार्थना पाठ करते, ती याच रस्त्यातून आली.

रमाबाईंबद्दल जरा जास्त बोलते, कारण त्यांच्यावर तुम्ही कधी ना कधी लिहाल आणि तेव्हा त्यांना हातात पुस्तक घेऊन खिडकीत उभं करून ठेवाल अशी मला धास्ती आहे. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण ज्या जोगिणींनी त्यांना आसरा दिला होता त्यांच्याशीच त्यांनी धर्ममतांवरून कडाडून वाद घातला. मुंबईत १८८९ ला शारदा सदन काढलं, ते पुढे पुण्याला नेलं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या आणि केडगावच्या माळावर वस्ती केली. तिथे शेती होती, माग होते, छापखाना होता. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सबंध बायबल साध्या मराठीत आणलं, आणि त्याचे खिळे जुळवणाऱ्या बायकाही मुक्तीतल्याच. त्या जन्मभर शाकाहारी राहिल्या. ५ एप्रिल १९२२ ला केडगावलाच गेल्या. आता सांगा, ज्या ख्रिस्ती बाईच्या ताटात तुम्ही न चुकता कोंबडी वाढता, तिच्या शेजारी ही बाई कुठे बसवाल?

आता मुद्द्याचं. तुम्ही ज्या धंद्यात आहात त्याच्या दोन्ही मुळांशी ख्रिस्त आहे, आणि हे मी भक्तिभावाने नाही, हिशोब म्हणून सांगते.

पहिलं मूळ कादंबरीचं. १८५७ साली बाबा पदमनजींनी 'यमुनापर्यटन' छापली. पूर्ण नावातच तिने सांगून टाकलंय की हे हिंदुस्थानातल्या विधवांच्या स्थितीचं निरूपण आहे. पहिली मराठी कादंबरी हिला म्हणावं की 'मुक्तामाला'ला की 'मोचनगड'ला, यावर प्राध्यापक मंडळी खुशाल भांडोत. 'मुक्तामाला' १८६१ ची आणि 'मोचनगड' १८७१ ची, एवढं त्यांना आठवण करून द्यावं. पदमनजी बेळगावचे, कासार घरातले, १८३१ चा जन्म, १८५४ चा बाप्तिस्मा. विधवा-पुनर्विवाहाचा कायदा १८५६ चा आणि पुस्तक पुढच्याच वर्षी, म्हणजे माणूस बातमी ताजी असताना लिहीत होता. तुमच्या निर्मात्यांना असाच लेखक हवा असतो.

आणि त्यांनी लिहिलं तरी काय? यमुना आणि तिचा नवरा विनायक प्रवासाला निघतात. ठिकठिकाणी त्यांना विधवा भेटतात, प्रत्येकीची वेगळी कहाणी, केशवपन, सासरचा छळ, गुपचूप पोसलेलं दुःख. मग विनायकच अपघाताने मरतो आणि आतापर्यंत ऐकणारी यमुना स्वतः त्या कहाण्यांत जाऊन पडते. सासरी तिचे हाल होतात. शेवटी ती ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्न करते. शेवट प्रचाराचा आहे, पात्रं मध्येच प्रवचन देतात, वादविवाद पानंच्या पानं चालतो. हे सगळं कबूल. पण मधली बायकांची बोलणी वाचा. हा माणूस ओसरीवर बसून, कान देऊन ऐकत होता. मला तर वाचताना राहून राहून वाटतं की मराठी मालिकेचा सगळा ऐवज, म्हणजे सासू, सून, बंद दार आणि अर्धवट ऐकलेलं वाक्य, पदमनजींनी तुमच्याआधी दीडशे वर्षं गोळा करून ठेवला होता. फरक इतकाच की त्यांची सून अन्याय झाल्यावर घर सोडते. तुमची सून पुढच्या भागापर्यंत सोसते.

याच पदमनजींनी मोल्सवर्थच्या कोशाचा संक्षेप केला, मासिकं चालवली, पुण्यात पाळक म्हणून काम केलं, नव्या करारावर टीका लिहिली, 'अरुणोदय' नावाचं आत्मचरित्र लिहिलं, आणि लहानमोठी शंभरावर पुस्तकं हातावेगळी केली. मला लिखाणाचा कंटाळा आला की ही यादी मी मनात म्हणते.

दुसरं मूळ सिनेमाचं. १९१० च्या सुमाराला मुंबईत दादासाहेब फाळक्यांनी ख्रिस्ताच्या चरित्रावरचा एक मूकपट पाहिला. तो बघता बघता आपल्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले, हे त्यांनी स्वतःच १९१७ साली 'नवयुग' मासिकात लिहिलंय. त्यातून १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' झाला. म्हणजे फाळक्यांना येशूत आपले राम-कृष्ण दिसले. तुम्हाला आमच्यात निदान शेजारी दिसायला हरकत नसावी.

माझ्याविषयी थोडं सांगायला हवं, कारण धार्मिक लेखिका म्हटलं की तुम्ही लगेच पांढरी साडी आणि मंद स्मित लिहाल. सकाळी मी शास्त्र वाचते, डबे भरते, आणि मग त्याच जेवणाच्या टेबलावर लिहायला बसते. मागच्या यार्डात मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळतात, त्या आवाजावर माझे परिच्छेद पडतात. वाचनाची चटक लागली ती बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारमुळे आणि काळ्या पहाडामुळे. पुढे नारायण धारप आले. धारपांचे समर्थ पिशाच्चाला हुसकून लावतात तेव्हा मला त्यात काहीच परकं वाटायचं नाही. भुतं काढण्याच्या गोष्टी मी शब्बाथशाळेत मार्कच्या शुभवर्तमानातून ऐकत आलेली होते. 'झपाटलेला' पाहिल्यावर तात्या विंचूने मात्र माझी झोप उडवली. प्रभूची प्रार्थना म्हणून झोपायचा प्रयत्न केला, पण "आम्हास वाइटापासून सोडव" म्हणताना डोळ्यांसमोर तो बाहुलाच यायचा. अजय-अतुलचं बालपण पुणे जिल्ह्यातल्या शिरूर-जुन्नर भागात गेलं याचा मला उगाचच घरचा अभिमान आहे. 'सैराट'मध्ये त्यांनी परदेशी वाद्यवृंद आणि आपला हलगीचा ताल एकत्र बसवला. आमच्या कीर्तनात अमेरिकन चाली आणि ढोलकी अशाच एकत्र नांदतात, म्हणून ते संगीत मला फार ओळखीचं वाटलं.

आमच्या सासूबाई मालिकांच्या कट्टर. कौटुंबिक प्रार्थना वर्षानुवर्षं रात्री आठला व्हायची. त्यांची आवडती मालिका आठला लागू लागली तशी प्रार्थना साडेसातला आली. कारण विचारायची कुणाची छाती नव्हती. एकदा आजारी आणि संकटात असलेल्यांसाठी प्रार्थना करताना त्यांनी त्या मालिकेतल्या सुनेचंही नाव घेतलं. आम्ही सगळ्यांनी आमेन म्हटलं. तुमचा प्रेक्षक असा आहे. तो तुमच्या पात्रांसाठी देवाकडे शब्द टाकतो, आणि त्या पात्रांच्या वाड्यात, चाळीत, सोसायटीत आपल्यासारखं एकही घर नाही, याकडे कानाडोळा करतो.

आमच्यातही सगळं आलबेल नाही. 'जगिक' म्हणून सिनेमाला नावं ठेवणारे आमच्यात आहेत, आणि गावोगाव चादर बांधून 'दयासागर' हा येशूवरचा चित्रपट दाखवणारेही तेच. मी भुताची कादंबरी लिहिली तेव्हा मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी मला गाठून विचारलं, "यात विश्वासाची साक्ष कुठे आहे?" मी त्यांना बायबलातलं 'प्रेषितांची कृत्ये' उघडायला सांगितलं. सतराव्या अध्यायात पौल अथेन्सला जातो आणि ग्रीकांना त्यांच्याच कवींचा दाखला देतो. त्याने ते कवी वाचले असणार, आवडीने वाचले असणार. ते गृहस्थ हसले, पण त्यांनी पुस्तक काही घेतलं नाही. आमच्या मराठी ख्रिस्ती लेखनाचंही बरंच झालंय ते असंच. पदमनजींचा शेवट आम्ही उचलला, त्यांचा कान उचलला नाही. त्यामुळे कितीतरी पुस्तकं पहिल्या पानावर दुःख आणि शेवटच्या पानावर बाप्तिस्मा अशी झाली, आणि मधली पानं कुणी जगलंच नाही. लक्ष्मीबाई टिळकांनी मात्र मधलीच पानं लिहिली. 'स्मृतिचित्रे'त नवरा ख्रिस्ती झाल्याचं रडणं आहे, सोवळ्याचं भांडण आहे, आणि स्वतःवर हसणंही आहे. विजया मेहतांनी ते दूरदर्शनसाठी केलं आणि सुहास जोशींची लक्ष्मीबाई ज्यांनी पाहिली ते विसरले नाहीत. म्हणजे तुमच्या माध्यमात हे जमतं. जमलेलं आहे.

ख्रिस्ती पात्र आलं की धर्मांतर आलंच पाहिजे, हा हट्ट मात्र दोन्ही बाजूंनी सोडायला हवा. माझ्या एका कादंबरीत कांद्याचा भाव पडल्यावर कर्ज फेडण्यासाठी धडपडणारी रूथ नावाची बाई आहे. एका मान्यवर वाचकाने कळवलं की गोष्ट छान आहे, पण ती ख्रिस्ती का आहे ते कळलं नाही. मी उत्तर लिहिलं, तिचे आईवडील ख्रिस्ती होते म्हणून. शिरूरच्या बाजारसमितीत कांदा तिचाही इतरांच्याच भावाने जातो.

कथानक हवं असेल तर शिरूरचंच एक फुकट देते. १८०९ साली कर्नल वॉलेस नावाचा इंग्रज अधिकारी शिरूरच्या छावणीत वारला. त्याचं थडगं आहे. जुन्या गॅझेटियरमध्ये नोंद सापडते की लोक त्याला सत्पुरुष मानू लागले आणि हंगाम आला की त्याच्या थडग्यावर धान्य वाहू लागले. एक गोरा ख्रिस्ती सरदार घोडनदीच्या लोकांचा देव होतो आणि त्याला नैवेद्य दाखवतात. धारप असते तर एका बैठकीत कादंबरी झाली असती. मी धारप नाही, म्हणून ती अजून माझ्या वहीत पडून आहे. तुमच्यापैकी कुणी आधी लिहिली तर वाईट वाटेल, पण पाहीन नक्की.

मागणं मोठं नाही. पुढच्या मालिकेत एक ख्रिस्ती बाई घ्या. ती पाटस कारखान्याच्या कचेरीत हिशोब लिहीत असेल, नाहीतर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत असेल, नाहीतर नुसतीच नायिकेची नणंद असेल आणि पुरेशी खाष्ट असेल. तिला नीट मराठी बोलू द्या. तिला कुणाचं धर्मांतर करू देऊ नका आणि तिचंही कुणी करू नका. रविवारी ती मंडळीत जाईल, तिथून येताना मटण आणेल किंवा रमाबाईंसारखी मेथीची जुडी आणेल. तुमचं तुम्ही ठरवा.

आणि एक मोठं मागणं, जमलं तर. २०३१ मध्ये बाबा पदमनजींच्या जन्माला दोनशे वर्षं होतील. तोपर्यंत 'यमुनापर्यटन'ची एखादी छोटी मालिका तुमच्यापैकी कुणीतरी करावी. प्रवचनं काढून टाका, बायकांची बोलणी तेवढी ठेवा, आणि यमुनेला घर सोडू द्या. लेखक १९०६ सालीच वारले, त्यामुळे हक्कांसाठी कुणाला एक पैसाही मोजावा लागणार नाही.

आपली,
दौंडची एक कादंबरीकार